बर्नाबे बैलाचे उलटे रिले

प्रेमात पडलेल्या माणसानं रिलेचं फूटप्रिंट काढू नये. काढलंच, तर ते दुसऱ्या प्रेमात पडलेल्या माणसानं तपासू नये. हे मी आता भिंतीवर लिहून लावलंय. जानेवारीत ती भिंत कोरी होती आणि माझं डोकंही.

मी लिंदाल्वा. ब्राझीलमधल्या मिनासच्या आमच्या या कोपऱ्यात कॉफीचे डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत इलेक्ट्रॉनिक्सचे इतके कारखाने दाटीवाटीनं बसलेत, की बेकरीच्या रांगेत उभं राहिलं तर पुढचा अलार्म बनवणारा निघतो आणि मागचा अँटेना. आमचा कारखाना फाटकांचा. म्हणजे बटण दाबलं की आपोआप उघडणाऱ्या फाटकांचे सर्किट बोर्ड आम्ही बनवतो. एकतीस माणसं, एक कॉफीचं यंत्र आणि एक लायब्ररी.

लायब्ररी म्हटलं की लोक पुस्तकं शोधायला लागतात. आमच्या लायब्ररीत भाग असतात. बोर्डावर बसणारा प्रत्येक भाग, मग तो तांदळाएवढा का असेना, आधी तिथे नोंदवावा लागतो. त्याचं नाव, त्याची उंची, त्याची डेटाशीट म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक, आणि मुख्य म्हणजे त्याचं फूटप्रिंट, म्हणजे त्याचे पाय बोर्डावर नेमके कुठे टेकणार त्याचा नकाशा. भाग एकदा आत गेला की कारखान्यातला जो तो त्याला डोळे मिटून उचलतो. त्यामुळे नकाशात केसाएवढी चूक झाली तरी ती एका बोर्डात राहत नाही, घरोघर जाते.

ही लायब्ररी दोना इव्होनेतीची, म्हणजे इव्होनेतीबाईची. बावीस वर्षं, चार हजार एकशे बारा भाग. बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागते, पण ती खोलीत आली की इंजिनियर लोक खुर्चीत सरळ बसतात. एकानं भागाचं नाव ठेवलं होतं ‘नवीन-चांगला-शेवटचा’. महिनाभर ती त्याला त्याच नावानं हाक मारत होती. “ए नवीन-चांगला-शेवटचा, कॉफी घेतोस का?” दुसऱ्यानं इंटरनेटवरून कुणाचं तरी आयतं फूटप्रिंट उतरवून घेतलं, तर म्हणाली, “रस्त्यात सापडलेली कवळी तोंडात घालशील का रे?” त्यानं त्या दिवशी जेवणही धड केलं नाही.

आणि ही बाई कार्निव्हलच्या शुक्रवारी निवृत्त होणार होती. लायब्ररीची चावी, म्हणजे आत काय जाईल आणि काय नाही हे ठरवायचा शेवटचा अधिकार, माझ्याकडे यायचा होता. सहा वर्षं मी त्या चावीसाठी झुरत होते. लोकांना घर हवं असतं, गाडी हवी असते, मला चार हजार एकशे बारा भाग हवे होते. हसा खुशाल. जानेवारीत तिनं मला भाग आत घालायचा अधिकार उसना दिला आणि म्हणाली, “शुक्रवारपर्यंत मी तुझ्याकडे बघत असेन, पोरी. एकच बघणार आहे. चूक झाल्यावर तू काय करतेस.”

मी मनात म्हटलं, चूक? माझ्याकडून?

आता कागदाबद्दल सांगते, कारण सगळं त्या कागदावरच आलं. आमच्याकडे फूटप्रिंट काढलं की ते कागदावर खऱ्या मापात छापतात. कागद स्पंजवर ठेवतात, खरा भाग हातात घेतात आणि त्याचे पाय छापलेल्या भोकांतून खुपसतात. मग कागद उलटा करून मीटरच्या दोन सुया पायांना लावायच्या, कुठे बीप वाजतं ते ऐकायचं आणि प्रत्येक भोकाशेजारी आपल्या हातानं लिहायचं. हे सगळं दुसऱ्या माणसानं करायचं. ज्यानं काढलं त्यानं तपासायचं नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि कागद कपाटात. दोना इव्होनेतीच्या कपाटातले कागद उजेडात धरले की भोकाभोकांतून ऊन गळतं.

नोव्हेंबरात माझे भाग तपासायला वाल्देसिर आला. चाचणी विभागातला. उंच, कानामागे कायम पेन्सिल, आणि हसला की आधी खांदे हसायचे, तोंड मागाहून. तो मोजमाप घ्यायचा कॅलिपर असा धरायचा की मलाच वाटायचं आपण एखादा रेझिस्टर असतो तर बरं झालं असतं. आम्ही एकमेकांना कधी काही बोललो नव्हतो. तो म्हणायचा, “पाय क्रमांक एकची खूण दिसत नाही.” मी म्हणायचे, “नीट बघ, आहे.” आणि दोघंही उगाच लाल व्हायचो. तीन महिने हेच.

बर्नाबे बैल आमच्या कारखान्याचा. कार्निव्हलच्या शुक्रवारी संध्याकाळी आमची टोळी ढोल-तुताऱ्या घेऊन निघते आणि मध्ये हा बांबू आणि कापडाचा बैल नाचतो. बैलाच्या पोटात सेऊ झेनेझियो, म्हणजे झेनेझियोकाका. दोना इव्होनेतीचा नवरा, आमच्याकडचाच निवृत्त तपासनीस, सत्तरीचा. गुडघे कुरकुरतात, पण बैलात शिरला की पंचविशीचा होतो. यंदा बर्नाबेला दिवे लागणार होते. डोळे, शिंगं, नाकपुड्या, शेपूट. त्यासाठी नवा बोर्ड, आणि बोर्डावर आठ रिले. रिले म्हणजे विजेनं टकटक करत बदलणारं बटण. आत एक टोक असतं. झोपेत ते एका बाजूला चिकटलेलं असतं, वीज दिली की दुसऱ्या. हा रिले लायब्ररीत नवा होता. म्हणजे काढणार मी, तपासणार तो.

जानेवारीतल्या एका दुपारी मी त्याचं फूटप्रिंट काढलं, छापलं, स्पंज मांडला. वाल्देसिर चीजपाव घेऊन आला, गरम. म्हणाला, “आधी खा, निवतील.” खाता खाता त्यानं कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं एक बैल काढला, तोंडात फूल धरलेला. मी म्हटलं, “हा बर्नाबे? हा तर तूच दिसतोस.” त्याचे खांदे हसायला लागले. मग माझेही. हसता हसता मी सही केली, हसता हसता त्यानं केली, आणि रिले डबीतच राहिला. डेटाशीटवर रिलेच्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पायांच्या बाजूने पाहिल्यास’. मी ते वरून पाहिल्यासारखं काढलं होतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

कार्निव्हलच्या आधीचा बुधवार. कारखान्याच्या मागच्या अंगणात बर्नाबेची चाचणी. सेऊ झेनेझियो आत शिरला, वाल्देसिरनं बॅटरी जोडली, आणि कुणी कशालाही हात लावायच्या आत बैल शिंगांपासून शेपटीपर्यंत लखलखला.

“वा!” आतून आवाज आला. “आता काय करू?”

“अजून काही दाबलंच नाहीये तुम्ही,” वाल्देसिर म्हणाला.

“मग दाबतो. डोळे!”

डोळे विझले.

“लागले का?”

“गेले!”

“उआइ, गेले कसे? शिंगं!”

शिंगं विझली.

“नाकपुड्या! शेपूट! अरे बोला की, मला आतून दिसत नाही!”

शेवटचं बटण दाबलं तसा आख्खा बर्नाबे अंधार होऊन उभा राहिला. बंद केलं की लखलखाट, चालू केलं की सुतक. आतला म्हातारा घामाघूम होऊन बाहेर आला, बैलाकडे बघितलं आणि म्हणाला, “चक्रम आहे हा. पण आपल्याच घराण्यातला.”

वाल्देसिरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आठही रिले उलटे! बोर्डावर बसलेत व्यवस्थित, सगळे पाय भोकांत, फक्त झोपेची बाजू आणि जागेपणाची बाजू एकमेकांच्या जागी. आणि मला इतकं हसू आलं की मी बैलाची शेपूट धरून खाली बसले.

“सेऊ झेनेझियो,” मी म्हटलं, “घरी काही बोलू नका.”

“मी? बायकोपासून लपवू? माझे कान लाल होतात, पोरी. चाळीस वर्षं तिनं मला कानावरून पकडलंय.”

“मग दोन दिवस टोपी घाला.”

त्यानं खरंच टोपी घातली.

वाल्देसिर म्हणाला, “काळजी करू नकोस. बोर्डाला हात लावायची गरज नाही. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलतो. चालूला बंद म्हणायचं, बंदला चालू.” दहा मिनिटांत त्यानं ती ओळ बदलली. बॅटरी जोडल्यावर बैल चार-पाच सेकंद लखलखायचा, मग शुद्धीवर यायचा. डोळे म्हटलं की डोळे, शिंगं म्हटलं की शिंगं. आम्ही तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. वाल्देसिरची मिठी जरा जास्त वेळ चालली. मी तरंगत घरी गेले.

गुरुवारी सकाळी मी रिले लायब्ररीत गुपचूप सरळ करायला बसले. आमच्याकडे भाग बदलला की नोंद करावी लागते. नोंदी दोन प्रकारच्या. मामुली नोंद म्हणजे नावातली स्पेलिंगची चूक वगैरे. ती कुणाला कळत नाही. आणि लाल नोंद. लाल नोंद केली की भाग ज्यानं काढला त्याचं नाव, ज्यानं तपासला त्याचं नाव आणि चुकीचं कारण असं पत्र सगळ्या एकतीस जणांना जातं, म्हणजे ज्यानं ज्यानं तो भाग उचललाय तो आपला बोर्ड तपासतो. मी ‘मामुली’वर खूण केली. ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं. बोट बटणावर होतं.

सवयीनं मी खाली नजर टाकली. तिथे लिहिलेलं असतं की हा भाग कुठे कुठे वापरलाय. बर्नाबे बैल, एक. आणि त्याखाली, नवीन फाटक, कुलपाचा बोर्ड. ऑर्डर जाणार शुक्रवारी.

माझा रिले कुणीतरी डोळे मिटून उचलला होता. लायब्ररी असतेच त्यासाठी. मी इथे गुपचूप सरळ केलं तरी त्यांच्या बोर्डात तो उलटाच राहणार होता. वीज गेली की कुलूप उघडं. रात्री माणसं झोपलेली आणि फाटक सताड. माझं हसू पळालं.

वाल्देसिरला बोलावलं. त्यानं वाचलं, कानामागची पेन्सिल काढली, परत लावली.

“मी त्यांना तोंडी सांगतो,” तो म्हणाला. “हळूच. लाल नोंद केलीस तर उद्याची चावी...”

“आणि कपाटातला कागद?”

“त्याला भोकं नाहीत,” तो म्हणाला.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कपाट उघडलं. कागद जागेवर होता. तोंडात फूल धरलेला बैल, दोन सह्या, चीजपावाचा तेलकट डाग, आणि भोक एकही नाही. मी रिले डबीतून काढला. खुपसायला किती वेळ लागतो? स्पंजावर कागद, कागदावर रिले, दाबलं, कचकन पाच भोकं. झालं! कागद अगदी प्रामाणिक दिसायला लागला. आता फक्त उलटा करून मीटर लावल्यासारखं लिहायचं.

पण हात असे शहाणे, की त्यांनी खरंच मीटर उचललं. सहा वर्षांची सवय. एक सुई मधल्या पायाला, दुसरी त्या पायाला जिथे मी ‘झोपेची बाजू’ असं काढलं होतं. शांत. दुसऱ्या पायाला लावली. बीप.

मी परत लावली. बीप. लबाडी करायला गेले आणि तपासणी खरी झाली. त्या रिकाम्या खोलीत मी एकटी वेड्यासारखी हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. मला ती चावी फार हवी होती हो. मग मी लाल पेन घेतलं, कागदाच्या मागे प्रत्येक भोकाशेजारी जे खरं होतं ते लिहिलं, तारीख आजचीच घातली, कागद परत कपाटात ठेवला आणि टेबलाशी जाऊन लाल नोंद उघडली.

भाग ४११२. दुसरी आवृत्ती. फूटप्रिंट आरशातलं. चित्र पायांच्या बाजूचं होतं, वरचं समजून काढलं. कागदाची तपासणी केलीच नाही. काढलं: लिंदाल्वा. तपासलं: वाल्देसिर. इथपर्यंत ठीक.

मग ‘कारण’. मी लिहिलं, घाई.

आणि आठवलं. दोना इव्होनेतीचा सगळ्यात छळवादी नियम. ‘घाई’ हे कारण ती घेतच नाही. कितीतरी इंजिनियरांच्या नोंदी तिनं परत पाठवल्यात. “घाई कशाची होती ते लिहा. कारण खरं नसेल तर तीच चूक पुढच्याला परत होते.” मी घाई खोडली. दुर्लक्ष लिहिलं. तेही खोडलं, कारण ती विचारणार, लक्ष कुठे होतं? लक्ष कुठे होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. ते कानामागे पेन्सिल लावून समोर बसलं होतं.

मी डोळे मिटले आणि लिहिलं: ‘काढणारी तपासणाऱ्याकडे बघत होती. तपासणारा काढणारीकडे बघत होता असं काढणारीला वाटतं, पण ते तपासलेलं नाही. रिलेकडे कुणीच बघत नव्हतं.’

पाठवलं. लाल नोंद आधी चावीवाल्याकडे मंजुरीला जाते. चार मिनिटं काहीच झालं नाही. ती चार मिनिटं मी टेबलाखाली काढली, खोटं नाही सांगत, स्टेपलर शोधायचं निमित्त करून. मग कारखान्यात एकदम एकतीस ठिकाणी टिंग वाजलं.

आधी खरेदी विभागातून कुणीतरी किंचाळलं. मग पॅकिंगमधून टाळ्या. कॉफीच्या यंत्रापाशी एक जण मोठ्यानं वाचायला लागला, आणि ‘तपासलेलं नाही’ला आल्यावर सगळे कोरसमध्ये म्हणाले, “मग तपासा की!” नवीन-चांगला-शेवटचा माझ्या टेबलाखाली वाकून म्हणाला, “लिंदाल्वा, बाहेर ये गं. माझी बदनामी महिनाभर चालली होती, तुझी तर लग्नापर्यंत जाईल.”

“तू जा रे इथून!”

“वाल्देसिर येतोय. अगं, त्याचा चेहरा बघ, टोमॅटो झालाय नुसता.”

वाल्देसिर आला नाही. चालत अर्ध्यापर्यंत आला, थांबला आणि आपल्या टेबलाकडे परत गेला. माझा जीव जागच्या जागी वितळला. मग आठवलं, लाल नोंदीवर तपासणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मान्य किंवा अमान्य. परत टिंग, एकतीस ठिकाणी.

‘मान्य. तपासलं. काढणारीला वाटतं ते बरोबर आहे. नोव्हेंबरपासून.’

यानंतर त्या दिवशी कारखान्यात काही काम झालं असेल असं मला वाटत नाही. पेरूची वडी आणि चीज कुठून आलं कोण जाणे, कापलं गेलं. वाल्देसिर माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “पाय क्रमांक एकची खूण दिसत नाही.” मी म्हटलं, “नीट बघ, आहे,” आणि त्यानं अगदी जवळ येऊन बघितलं.

संध्याकाळी दोना इव्होनेतीनं मला बोलावलं. तिच्या टेबलावर तो कागद होता. मी उभीच राहिले.

“आज सकाळी चावी द्यायची म्हणून वर्षाचे सगळे कागद बघितले,” ती म्हणाली. “याला एकही भोक नव्हतं. फाटकाची ऑर्डर मी तेव्हाच थांबवली. दुपारी परत बघितलं तर पाच भोकं.”

“दोना इव्होनेती, मी...”

“थांब. मी म्हटलं, गेली ही पोरगी हातातून. खुर्चीतच बसले मी. मग कागद उलटा केला.” तिनं तो उलटा केला. माझी लाल अक्षरं. “आणि मग तुझी नोंद आली. चार मिनिटं का लागली ठाऊक आहे? मला हसता हसता चष्मा सापडेना.”

मला रडू फुटलं.

“रडू नकोस, कागद भिजेल. आता ऐक. प्रोग्राममधली ती लबाड ओळ काढा. चूक जिथे झाली तिथेच सरळ करायची. रिले काढा आणि बोर्डाच्या खालच्या बाजूनं बसवा. आरशातलं फूटप्रिंट खालून सरळ असतं. आणि वाल्देसिर यापुढे तुझा एकही भाग तपासणार नाही.”

“आणि चावी?”

“सेऊ झेनेझियोला सांग, टोपी काढ म्हणावं,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालून फिरतोय दोन दिवस. मला काय दिसत नाही?”

शुक्रवारी सकाळी वाल्देसिरनं आठही रिले उपसून खालून बसवले. सगळं सरळ झालं. फक्त रिले होते उंच, आणि बोर्डाच्या डबीचं झाकण काही केल्या बसेना. उंचीची नोंद लायब्ररीत उगाच नसते. शेवटी डबी उघडीच बर्नाबेच्या पाठीवर बांधली आणि वरून कापड शिवलं. बैलाला वशिंड आलं. आजवर बिनवशिंडाचा बैल नाचवत होतो हे तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. सगळे म्हणाले, आत्ता दिसतोय खरा बैल.

बारा वाजता दोना इव्होनेतीनं गळ्यातली दोरी काढून माझ्या गळ्यात घातली. दोरीला चावीची छोटी ड्राइव्ह आणि एक जळका रिले. भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली, “माझं एक काम तुझ्याकडे अडकलंय. सवड झाली की बघ.”

सवड कुठली! पाचला टोळी निघाली. उन्हं अजून डोंगरावर होती. ढोल असे वाजत होते की दात हलत होते, वाल्देसिरनं माझा हात धरला होता आणि तो सोडायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. दोना इव्होनेती माझ्या शेजारून पिवळी छत्री नाचवत चालली होती. चर्चच्या पायऱ्यांशी बर्नाबे गोल गोल फिरत होता, वशिंड हलवत, डोळे मिचकावत. तेवढ्यात मला आठवलं. फोन काढला. ‘तुमच्या मंजुरीसाठी एक लाल नोंद.’

भाग क्रमांक सात. लायब्ररीतला सातवा भाग, बावीस वर्षांपूर्वीचा, तोही रिलेच. पहिल्या नोंदीत लिहिलं होतं: फूटप्रिंट आरशातलं. काढलं: इव्होनेती. तपासलं: झेनेझियो. कारण: घाई.

त्याखाली नवी ओळ, कालच्या तारखेची. संध्याकाळी सहा वाजताची.

‘घाई हे कारण खरं नाही. तो माझ्याकडे बघत होता. अठरा वर्षांचा संसार झाला होता तरी बघत होता, आणि मी त्याला बघू देत होते. बावीस वर्षं हे लिहायचं राहिलं.’

मी मान वर केली. दोना इव्होनेती छत्रीकडे बघत होती. मुद्दाम. माझ्याकडे अजिबात नाही.

चावीवाली म्हणून माझं पहिलं काम. मी मंजूर केलं.

गर्दीत एकतीस ठिकाणी टिंग वाजलं. ढोलकऱ्यांचे हात थांबले, तुतारीवाल्यानं तुतारी काखेत धरून फोन काढला. आणि बैलाच्या पोटातूनही टिंग आलं. आमच्या यादीतून नाव कधी कुणी काढत नाही, निवृत्त झालं तरी. बर्नाबे जागच्या जागी थांबला. एकेक करून त्याचे सगळे दिवे विझले. आतला माणूस बटणं बंद करून चष्मा शोधत असणार. आख्खा रस्ता त्या काळ्या बैलाकडे बघत उभा राहिला.

माझ्या हातात फोन थरथरला. तपासणाऱ्याचं उत्तर आलं होतं. ‘मान्य.’

मग बर्नाबेचे डोळे लागले. मग शिंगं, मग नाकपुड्या, मग शेपूट. बैल वळला आणि वशिंड हिंदकळवत, माणसांना ढुशा देत सरळ दोना इव्होनेतीच्या अंगावर धावत सुटला.

“समोर बघून चाल, मेल्या!” ती ओरडली, पण जागची हलली नाही.